कॉजवे किनाऱ्यावरील पाच दिवसांची लिंक्स गोल्फ सहल : आखणी कशी करावी

उत्तर आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर, पश्चिमेच्या कॅसलरॉकपासून पूर्वेच्या बॅलीकॅसलपर्यंत, मोटारीने तासाभरात पार होणाऱ्या पट्ट्यात लिंक्स गोल्फची इतकी उत्तम मैदाने आहेत की नवख्या प्रवाशाला खेळण्याच्या चार दिवसांत सात-आठ फेऱ्या खेळण्याचा मोह हमखास होतो. हा मोह टाळणे, म्हणजे दिवसाला एकच फेरी आणि सर्व रात्री एकाच गावात मुक्काम, एवढे ठरवले की निम्मी आखणी पूर्ण होते. येथे अठरा होलांची एक फेरी खेळणे म्हणजे वाळूच्या टेकड्यांतून आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यातून चार-साडेचार तास चालणे असते. त्याच दुपारी दुसरी फेरी घेतली, तर ती खेळल्याचे समाधान मिळत नाही, केवळ उरकल्याचे मिळते.

लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली, वाऱ्याने रचलेल्या वाळूची, पाण्याचा चटकन निचरा होणारी जमीन. तिच्यावर बारीक पात्याचे चिवट गवत वाढते, झाडे जवळजवळ नसतात आणि जमीन टणक असल्यामुळे चेंडू पडल्यानंतरही बराच घरंगळतो. किनाऱ्यालगतचे प्रत्येक मैदान लिंक्स नसते. बॅलीकॅसलचे मैदान याचा चांगला नमुना आहे : त्याचा काही भाग हिरवळीच्या बागेसारखा, काही खरा लिंक्स आणि काही उंच कड्यावरचा आहे.

पहिला निर्णय तारखांचा. एप्रिल ते ऑक्टोबर हा खेळण्याचा हंगाम असला, तरी माझा कल मेचा उत्तरार्ध, जून किंवा सप्टेंबरचा पूर्वार्ध याकडे आहे. जूनच्या अखेरीस सूर्यास्त रात्री दहानंतर होतो, त्यामुळे सकाळी पावसाने अडवले तरी दिवस हातचा जात नाही. दोन गोष्टी मात्र पंचांगात आधी पाहाव्यात. मे महिन्यात पोर्टस्ट्युअर्ट, कोलरेन आणि पोर्टरश या तीन गावांना जोडणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांवर ‘नॉर्थ वेस्ट 200’ ही मोटारसायकल शर्यत होते. त्या आठवड्यात रस्ते ठरावीक वेळी बंद असतात आणि राहण्याची जागा मिळणे दुरापास्त होते. दुसरी गोष्ट म्हणजे 12 जुलैची सार्वजनिक सुट्टी. तिच्या आसपास मिरवणुकांमुळे अनेक गावांतील वाहतूक वळवलेली असते.

तारखा ठरवतानाच रॉयल पोर्टरशच्या डनलूस मैदानावर पाहुण्यांसाठी कोणत्या दिवशी जागा शिल्लक आहे हे पाहावे, आणि उरलेली सहल त्या एका दिवसाभोवती बांधावी. 1888 मध्ये स्थापन झालेल्या या क्लबवर ‘द ओपन’ ही गोल्फमधली मोठी स्पर्धा 1951, 2019 आणि 2025 अशी तीनदा झाली. 2019 मध्ये शेन लाउरी आणि 2025 मध्ये स्कॉटी शेफलर येथे जिंकल्यापासून मागणी इतकी वाढली आहे की उन्हाळ्यातील वेळा कित्येक महिने आधी भरतात. शनिवार-रविवारच्या चांगल्या वेळा बहुतेक क्लब सभासदांसाठी राखून ठेवतात, म्हणून फेऱ्या शक्यतो सोमवार ते शुक्रवार ठेवाव्यात. हँडिकॅपचे (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचे) प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. ते छापून जवळ ठेवावे. कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस) हवा असल्यास तो टी टाइम, म्हणजे फेरी सुरू करण्याची वेळ, ठरवतानाच मागावा, ऐन सकाळी मिळेल अशा भरवशावर राहू नये.

पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत. बेलफास्टहून पोर्टरश सुमारे 95 किलोमीटर आहे. मोटारीने साधारण सव्वा तास लागतो आणि कोलरेनला गाडी बदलून रेल्वेनेही जाता येते. डब्लिनहून अंदाजे तीन तास लागतात, पण तेथे एक मेख आहे. डब्लिन आयर्लंड प्रजासत्ताकात आणि पोर्टरश युनायटेड किंगडममध्ये असल्यामुळे हे दोन देश आणि दोन व्हिसा होतात. भारतीय पासपोर्टधारकांना ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेखाली एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येते. परंतु व्हिसावर तशी नोंद असावी लागते आणि ज्या देशाने तो दिला त्या देशात आधी प्रवेश करावा लागतो. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच हा क्रम तपासावा. डब्लिनला भाड्याची मोटार घेतल्यास ती सीमेपलीकडे नेणार असल्याचे कंपनीला सांगून ठेवावे, आणि सीमा ओलांडताच वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत होतात हे ध्यानात असू द्यावे. सीमेवर नाका नसल्याने हा बदल लक्षात यायला वेळ लागतो.

मुक्काम पोर्टरश किंवा पोर्टस्ट्युअर्ट येथे करावा. नकाशावर पोर्टस्ट्युअर्टसमोरच दिसणारे कॅसलरॉक प्रत्यक्षात तितके जवळ नाही, कारण मध्ये बॅन नदीचे मुख आहे आणि पूल आत कोलरेनला आहे. मोटारीने वीस-पंचवीस मिनिटे धरावीत.

आता क्रमाविषयी. डनलूस पहिल्या दिवशी ठेवू नये, कारण प्रवासाने आंबलेले अंग आणि अनोळखी वारा यांत महागडी फेरी वाया जाते. शेवटच्या दिवशीही ठेवू नये, कारण हवामानाने दगा दिल्यास बदलायला दिवस उरत नाही. पोहोचण्याच्या दिवशी केवळ समुद्रकिनारी फिरावे. दुसऱ्या दिवशी कॅसलरॉकचे मसेंडेन मैदान खेळावे. तेथील चौथे होल हे कसोटी पाहणारे पार तीन (तीन फटक्यांत संपवणे अपेक्षित) आहे : एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला रेल्वेमार्ग आणि मध्ये अंगावर येणारा वारा. तिसऱ्या दिवशी पोर्टस्ट्युअर्टचे स्ट्रँड मैदान, जेथे 2017 मध्ये जॉन राम आयरिश ओपन जिंकला. त्याचा पहिला टी (पहिला फटका मारण्याची जागा) उंचावर असून खाली पसरलेला किनारा आणि वळून टेकड्यांत शिरणारा फेअरवे (आखूड गवताचा पट्टा) एकाच दृष्टिक्षेपात येतो. पुढची बहुतेक होल प्रचंड टेकड्यांमधल्या खोलगट पट्ट्यांतून जातात. या दोन फेऱ्यांत चेंडू किती घरंगळतो याचा अंदाज हाताला बसतो, आणि मग चौथ्या दिवशी डनलूस.

डनलूसचे सोळावे होल ‘कलॅमिटी कॉर्नर’ या नावाने ओळखले जाते. सुमारे 236 यार्डांच्या या पार तीनमध्ये टी आणि ग्रीन (भोक असलेली गुळगुळीत हिरवळ) यांच्यामध्ये उजवीकडे खोल दरी आहे. 1951 च्या ओपनमध्ये दक्षिण आफ्रिकेचा खेळाडू बॉबी लॉक याने ग्रीनचा हट्ट सोडून चारही फेऱ्यांत चेंडू मुद्दाम ग्रीनच्या डावीकडील खळग्यात टाकला आणि चारही वेळा पार, म्हणजे तीन फटके, साधला. तो खळगा आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. संपूर्ण लिंक्स खेळाचे शहाणपण मला या एका उदाहरणात दिसते, म्हणून ते सविस्तर सांगितले. वारा समोरून असेल तर दोन पायऱ्या अधिक लांब पल्ल्याची काठी घेऊन सावकाश फटका मारावा, कारण जोर लावला की चेंडू अधिक फिरतो, उंच जातो आणि वाऱ्याच्या ताब्यात सापडतो. वारा पाठीशी असेल तर चेंडू ग्रीनच्या बराच अलीकडे टाकून घरंगळत जाऊ द्यावा. ग्रीनबाहेर वीस पावलांवर असतानाही, मधले गवत आखूड असल्यास, पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवणारी काठी) वापरायला लाजू नये. खोल बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) समोरची भिंत पार होणार नसेल तर आडवे किंवा मागे बाहेर पडावे. उंच गवतात चेंडू गेल्याची शंका आली की लगेच तात्पुरता दुसरा चेंडू मारावा. 2019 च्या नियमांपासून शोधायला तीनच मिनिटे मिळतात. गुण मोजायचे असतील तर एकूण फटक्यांऐवजी स्टेबलफर्ड (प्रत्येक होलला स्वतंत्र गुण देणारी) पद्धत घ्यावी, म्हणजे एका होलवरची आपत्ती त्या होलपुरतीच राहते.

दुपारी निसर्ग पाहण्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात. पोर्टरशहून बुशमिल्सकडे जाताना कड्याच्या टोकावर डनलूस किल्ल्याचे अवशेष लागतात, आणि पुढे जायंट्स कॉजवे, जेथे लाव्हा थंड होऊन आकसताना तयार झालेले सुमारे 40,000 बेसाल्टचे खांब समुद्रात उतरत जातात. 1986 पासून हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पायी दगडांपर्यंत जाण्यास पैसे पडत नाहीत. वाहनतळ आणि माहिती केंद्र यांसाठी पडतात. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर जावे, उन्हाळ्यात तेव्हाही भरपूर उजेड असतो.

सामानात छत्रीपेक्षा पूर्ण जलरोधक जाकीट-पॅन्टला जागा द्यावी. या वाऱ्यात छत्री म्हणजे हातातले आणखी एक ओझे. बुटांचे दोन जोड, पावसातही पकड न सोडणारे हातमोजे, लोकरी टोपी आणि नेहमीपेक्षा दुप्पट चेंडू घ्यावेत. मैदानावर फिरायची छोटी गाडी (बग्गी) मिळेल असे गृहीत धरू नये, ट्रॉली किंवा हलकी पिशवी धरावी. कॅडीसाठी रोख पाउंड लागतात. येथील बँका स्वतःच्या नोटा छापतात आणि त्या इंग्लंडमध्ये घ्यायला काही दुकानदार कुरकुर करतात, त्यामुळे त्या येथेच संपवाव्यात.

पाचव्या दिवशी परतीचे विमान संध्याकाळचे असेल, तर सकाळी सामान मोटारीत घालूनच बॅलीकॅसलला जावे. फेरीची सुरुवात बोनामार्जी मठाच्या अवशेषांशेजारी होते, आणि मैदान वर चढत गेल्यावर रॅथलिन बेट व आकाश स्वच्छ असल्यास स्कॉटलंडचा किनाराही दिसतो. वाटेत कॅरिक-अ-रीडचा दोरीचा पूल पाहायचा झाल्यास वेळेचे तिकीट आधी काढावे, मात्र जोरदार वाऱ्यात तो बंद ठेवतात. त्या दिवशी वारा सुटला, तर पुलाचा वेळ मैदानाला द्यावा आणि दुपारी दोनपर्यंत बेलफास्टच्या रस्त्याला लागावे.