कुणीच उघडलेली नसताना फाइल ‘लॉक’ दाखवते? नेटवर्क ड्राइव्हवरचं खोटं लॉक असं काढा

शेअर्ड ड्राइव्हवरची एक्सेल फाइल उघडायला जावं, तर ‘लॉक्ड फॉर एडिटिंग’ असा संदेश येतो. ज्याचं नाव दिसतं, त्याचा संगणक मात्र बंद असतो. अशा वेळी सर्व्हर रीस्टार्ट करू नका. त्यानं लॉक सुटतं, पण इतरांचं सेव्ह न झालेलं कामही जाऊ शकतं.

आधी एवढं लक्षात घ्या की लॉक दोन जागी असू शकतं: फोल्डरमधल्या खुणेच्या फाइलमध्ये (फाइल उघडली की ऑफिस तिच्याशेजारी तयार करतं ती लपलेली छोटी फाइल) किंवा सर्व्हरच्या उघड्या फाइलींच्या नोंदीत. दोन्हींचे उपाय वेगळे.

१. संदेशात तुमचंच नाव असेल तर टास्क मॅनेजर उघडा. एक्सेलची खिडकी बंद होऊनही प्रक्रिया मागे चालू राहिलेली असू शकते, ती संपवा. दुसऱ्याचं नाव असेल तर त्याला विचाराच, पण नावावर पूर्ण भिस्त ठेवू नका. ते ऑफिसच्या सेटिंगमधलं युजरनेम असतं, लॉगिनचं नव्हे. एकाच प्रतीवरून तयार केलेल्या दहा संगणकांवर एकच नाव असू शकतं.

२. सर्व्हरवर अ‍ॅडमिन म्हणून कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा आणि शेअर्ड फोल्डर्समधल्या ‘ओपन फाइल्स’मध्ये जा. तिथे फाइलच्या पुढे खरं लॉगिन नाव दिसतं. सांबा सर्व्हर (लिनक्ससारख्या प्रणालींवरून विंडोजला फाइली शेअर करणारं सॉफ्टवेअर) असेल तर एसएमबीस्टेटस (smbstatus) ही आज्ञा हीच माहिती देते.

३. नोंद सापडली आणि ती व्यक्ती खरंच काम करत नाहीये याची खात्री झाली, तर त्या एकाच ओळीवर राइट क्लिक करून ‘क्लोज ओपन फाइल’ निवडा. ‘डिस्कनेक्ट ऑल’ला हात लावू नका. लॅपटॉप झोपला किंवा वाय-फाय मध्येच तुटलं, की अशा नोंदी काही काळ मागे राहतात.

४. नोंद नसेल तर खुणेची फाइल शोधा. एक्स्प्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करा. तरीही दिसली नाही तर ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’वरची टिकही काढा. लाटेसारखं चिन्ह आणि डॉलर (~$) यांनी तिचं नाव सुरू होतं. एक्सेल ही चिन्हं पूर्ण नावाआधी लावतं, वर्ड मात्र लांब नावातली पहिली दोन अक्षरं खाऊन त्यांच्या जागी लावतं. म्हणून नावानं शोधताना वर्डची खूण हमखास निसटते. लिबरऑफिसची खूण टिंबानं सुरू होते आणि तिच्या नावात ‘लॉक’ असतं.

५. ती खुणेची फाइल डिलीट करा. ऑफिसची फाइल खरोखर उघडी असेल तर विंडोज सहसा ‘वापरात आहे’ म्हणून नकार देतं. तसं झालं तर तिथेच थांबा. डिलीट झाल्यावर दहाएक सेकंद थांबून मूळ फाइल उघडा, कारण फोल्डरची जुनी माहिती संगणक तेवढा वेळ जपून ठेवतो.

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या डेटाबेसची लॉक फाइल मात्र सगळे बाहेर पडल्याशिवाय अजिबात हलवू नका. तिथे डेटाच बिघडू शकतो.

हाच त्रास वारंवार होत असेल तर पहिला संशय परवानग्यांवर घ्या. लोकांना फोल्डरमध्ये लिहिता येतं, पण डिलीट करता येत नाही, अशी व्यवस्था ‘सुरक्षिततेसाठी’ ठेवलेली असते. ऑफिसला फाइल बंद करताना स्वतःची खूण पुसावी लागते. ते जमत नाही आणि खुणा साचतात. एक चाचणी फाइल साध्या युजरच्या लॉगिनमधून उघडून बंद करा. खूण तशीच राहिली, तर त्या गटाला ‘मॉडिफाय’ परवानगी द्या.

परवानग्या ठीक असतील तर एक्स्प्लोररमधला फाइलची झलक दाखवणारा भाग, म्हणजे प्रिव्ह्यू पेन, बघा. नुसती फाइल निवडली तरी तो ती उघडतो. ऑल्ट आणि पी दाबून तो बंद होतो. लॉक ठरावीक वेळीच येत असेल, तर बॅकअप आणि अँटिव्हायरसचं वेळापत्रक त्या वेळेशी ताडून पाहा.