नवरा झाडीपट्टीचा हिरो अन् घरात बिनसलेलं, तं तारखा कशा सांभाळायच्या

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा लागते, वडसा देसाईगंजात नाटक कंपन्यांच्या ऑफिसात बुकिंगची झुंबड उडते, अन् मग होळीपर्यंत नवरा दिवसा झोपलेला अन् रात्रभर स्टेजवर. याच टायमाला दोघांचं बिनसलं असेल अन् त्याच्या तारखा, पैसे, फोन तुम्हीच पाहत असाल तर हे वाचा. बायको हिरोईन अन् तारखा नवरा पाहत असेल तरी हेच.

तारीख भांडणात ओढू नका. रागात "ते येत नाहीत, कॅन्सल करा" म्हणायला अर्धं मिनिट लागते, पण तिकडे गावच्या मंडळानं वर्गणी काढून मंडप टाकलेला असते, तिकिटं विकलेली असतात, पेटीवाला, लाईटवाला, सोबतचे कलाकार सगळ्यांची ती नाईट, म्हणजे त्या रात्रीचा प्रयोग, बुडते. अन् एकदा का नाव खराब झालं की पुढच्या सीझनला फोनच येत नाही. या रंगभूमीवरच्या नावाला लय किंमत आहे बाप्पा, कलाकार परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती झाडीपट्टीतल्याच कामासाठी.

डायरी ठेवा, एका नाईटला एक पान. गाव, तालुका (सारख्या नावाची गावं भरपूर आहेत, गाडी भलतीकडे जाते), कंपनी, नाटक, ठरलेली रक्कम, ॲडव्हान्स किती आला अन् कोणाच्या हातात दिला, बाकी किती. पान भरलं की लगेच फोटो काढून नवऱ्याला व्हॉट्सॲप करा. बोलणं बंद असलं तरी फोटो गेलाच पाहिजे, म्हणजे "माह्या पैशाचं काय केलं" हा वाद उभाच राहत नाही.

नाईटच्या पैशाचं खातं वेगळं करा. जॉइंट खात्यावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलं असेल तर दोघांपैकी कोणीही एकटा सगळे पैसे काढू शकते, ते बदलून दोघांची सही करून घ्या. अन् तुमच्या कामाचा मोबदला ठरवा, टक्का म्हणा की महिना म्हणा, पण लिहून घ्या. आपल्याकडच्या बायका घरच्या कामाचे पैसे कसे मागायचे म्हणून गप्प बसतात, मला हे अजिबात पटत नाही, दिवसभर फोन घेणं हे कामच आहे.

हिरोईनसोबत नाव जोडलं गेलं तर कंपनीला फोन करून "तिला काढा" म्हणू नका, तिचंही पोट त्याच नाईटवर आहे. जे विचारायचं ते नवऱ्याला विचारा, तेही दुपारी त्याची झोप अन् जेवण झाल्यावर. मेकअपला बसायच्या आधी नाही, अन् पहाटे थकून आल्या आल्या तं नाहीच.

हात उचलला जात असेल तर मात्र डायरी बाजूला ठेवा. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं त्या घरात राहायचा हक्क बायकोला आहे, घर कोणाच्या नावावर आहे ते पाहत नाहीत.

काम सोडायचंच ठरलं तर घेतलेल्या तारखा पूर्ण होऊ द्या, नवीन घेऊ नका. सगळ्या कंपन्यांना एकच मेसेज टाका: "अमुक तारखेपासून बुकिंगसाठी थेट त्यांनाच फोन करा." काहून म्हणून विचारलं तरी घरचं सांगत बसू नका. अन् डायरी देताना कोणाकोणाचा ॲडव्हान्स आलेला आहे ते दोघांनी मिळून मोजा, शेवटच्या पानावर दोघांच्या सह्या घ्या, एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा.