ध्रुवीयता आणि आंतररेण्वीय बले: या चुका टाळा

ध्रुवीयतेवरचे (म्हणजे एका टोकाला किंचित ऋण आणि दुसऱ्याला किंचित धन भार असण्यावरचे) प्रश्न चुकतात ते व्याख्या पाठ नसल्यामुळे नव्हे. व्याख्या बहुतेकांना येते. घोळ होतो तो पातळी ओळखण्यात. बंध ध्रुवीय असणे, सगळा रेणू ध्रुवीय असणे आणि एका रेणूने शेजारच्या रेणूला ओढणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. उत्तर लिहिताना एकीवरून दुसरीवर नकळत उडी पडते आणि गुण जातात.

‘बंध ध्रुवीय, म्हणून रेणूही ध्रुवीय’

कार्बन (२.५५) आणि ऑक्सिजन (३.४४) यांच्या विद्युतऋणतेत (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेत) चांगला ०.८९ चा फरक आहे, तरी कार्बन डायऑक्साइडचा डायपोल मोमेंट, म्हणजे सगळ्या रेणूच्या ध्रुवीयतेचे माप, शून्य. रेणू सरळ रेषेत असल्याने दोन्हीकडची ओढ एकमेकींना रद्द करते. सल्फर डायऑक्साइड वाकलेला आहे, तिथे हिशेब पुरता फिटत नाही आणि १.६३ डिबाय (डायपोल मोमेंटचे एकक) उरतात. म्हणून आधी आकार काढा, ओढीची दिशा दाखवणारे बाण नंतर.

आकार काढताना मधल्या अणूवरच्या लोन पेअर (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या) हमखास विसरल्या जातात. अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड शेजारी ठेवून पाहा. दोन्ही पिरॅमिडसारखे. विद्युतऋणतेतला फरक अमोनियात ०.८४, ट्रायफ्लोराइडमध्ये ०.९४, म्हणजे ट्रायफ्लोराइड जरा जास्त ध्रुवीय असेल असे वाटते. प्रत्यक्षात अमोनियाचा डायपोल मोमेंट १.४७ डिबाय आणि ट्रायफ्लोराइडचा अवघा ०.२३. अमोनियात बंधांची ओढ नायट्रोजनकडे असते आणि लोन पेअरही त्याच दिशेला जोर लावते. ट्रायफ्लोराइडमध्ये बंध फ्लोरिनकडे ओढतात, लोन पेअर उलट बाजूला.

पण यावरून ‘लोन पेअर दिसली की ध्रुवीय’ असा नियमही करू नका. झेनॉन टेट्राफ्लोराइडमध्ये झेनॉनवर दोन लोन पेअर आहेत, मात्र समोरासमोर, रेणू अध्रुवीय. तसेच एकाच मूलद्रव्याचा रेणू अध्रुवीयच असतो, हे ओझोनला लागू पडत नाही. तो ०.५३ डिबायने ध्रुवीय आहे.

‘लंडन बल दुबळे, ते धरायचे नाही’

ही चूक माझ्या मते सर्वांत महागाची, कारण ती शिकवण्यातूनच येते. ‘हायड्रोजन बंध सर्वांत बलवान, मग द्विध्रुव-द्विध्रुव आकर्षण, शेवटी लंडन बल’ ही उतरंड सगळ्यांना तोंडपाठ असते (द्विध्रुव म्हणजे धन आणि ऋण टोके असलेला रेणू; लंडन बल म्हणजे क्षणभरच तयार होणाऱ्या द्विध्रुवांमधले आकर्षण). ती खरी आहे ती साधारण सारख्याच आकाराच्या रेणूंची तुलना करताना. रेणू मोठा झाला की उतरंड कोलमडते.

हायड्रोजन क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड या क्रमाने डायपोल मोमेंट १.०८, ०.८२, ०.४४ डिबाय असा घसरतो. उत्कलनांक मात्र साधारण −८५, −६७, −३५ अंश सेल्सिअस असा चढत जातो. रेणूतले इलेक्ट्रॉन १८, ३६, ५४ असे वाढतात. इलेक्ट्रॉनांचा ढग जितका मोठा आणि सैल, तितके क्षणिक द्विध्रुव सहज तयार होतात आणि लंडन बल वाढते. क्लोरोफॉर्म ध्रुवीय, तो ६१ अंशांना उकळतो. कार्बन टेट्राक्लोराइड पूर्ण अध्रुवीय, तरी त्याला ७७ अंश लागतात. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये या बलाचे स्पष्टीकरण दिले. हे बल ध्रुवीय रेणूंतही असतेच, हे उत्तरात लिहायला विसरू नका.

केवळ इलेक्ट्रॉनांची संख्या मोजूनही भागत नाही. पेंटेन आणि निओपेंटेन यांचे रेणुसूत्र एकच, पण लांबट पेंटेन ३६ अंशांना उकळतो आणि गोलसर निओपेंटेन साडेनऊला. लांबट रेणू एकमेकांना अधिक पृष्ठभागावर चिकटतात.

‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन आहेत, म्हणजे हायड्रोजन बंध आहे’

हायड्रोजन थेट नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरिनला जोडलेला हवा. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर यांत अणू तेच, तितकेच; पण इथेनॉल ७८ अंशांना उकळते, ईथर −२४ ला. ॲसिटोनचे रेणूही आपापसांत हायड्रोजन बंध करत नाहीत. मात्र पाण्यात ते सहज मिसळते, कारण तिथे हायड्रोजन पाणी पुरवते.

दुसरा फसवा प्रश्न: हायड्रोजन फ्लोराइडचा एकेक हायड्रोजन बंध पाण्यातल्यापेक्षा बलवान, मग उत्कलनांक १९.५ च का? एका बंधाची ताकद पाहून थांबू नका. पाण्याचा एक रेणू चार हायड्रोजन बंधांपर्यंत जातो, हायड्रोजन फ्लोराइडचा साधारण दोनच करतो.

‘पाणी उकळले की बंध तुटतात’

कोणते बंध, ते लिहा. वाफ म्हणजे पाण्याचेच अखंड रेणू. ऑक्सिजन-हायड्रोजन सहसंयुज बंध (रेणूच्या आतला, इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेला) तोडायला सुमारे ४६३ किलोज्यूल प्रति मोल लागतात, पाण्यातल्या हायड्रोजन बंधाला साधारण २०. नुसते ‘बंध तुटतात’ लिहिलेत तर तपासणारा सहसंयुजच समजेल.

‘उत्कलनांक जास्त, म्हणून द्रवणांकही जास्त’

डायक्लोरोइथीनचा सिस रेणू (दोन्ही क्लोरीन एकाच बाजूला) ध्रुवीय, ट्रान्स (क्लोरीन विरुद्ध बाजूंना) अध्रुवीय. उत्कलनांक अपेक्षेप्रमाणे: सिस ६०, ट्रान्स ४८. द्रवणांक मात्र उलटे: सिस सुमारे −८०, ट्रान्स सुमारे −५०. स्फटिकात रेणू किती नीट बसतात यावर द्रवणांक ठरतो, आणि सममित ट्रान्स तिथे अधिक घट्ट बसतो. प्रश्नात कोणता अंक विचारला आहे, ते आधी नीट वाचा.