साखर कारखान्याचं सांडपाणी कळतं? मग विमानतळाचं ग्लायकॉलही कळेल

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना विमानाचं डी-आयसिंग, म्हणजे उड्डाणाआधी विमानावरचा बर्फ काढणं, परकं वाटतं, कारण आपल्या सांबरा विमानतळाला त्याची गरजच पडत नाही. तरी म्युनिक किंवा डेन्व्हरसारख्या विमानतळावर पर्यावरण विभागात जायचं असेल, तर आधी जवळच्या साखर कारखान्याच्या ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) महिनाभर काढा. दुखणं तेच आहे: सांडपाणी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं.

विमानाच्या पंखांवरचं गोठलेलं दहिवर आणि बर्फ काढायला टाइप १ नावाचा द्रव मारतात. यात बहुतेकदा प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि पाणी असतं. रंग नारिंगी, नोझलपाशी तापमान किमान ६० अंश. ग्लायकॉल मळीसारखंच जिवाणूंचं खाद्य, त्यामुळे ते त्यावर तुटून पडतात. हिशेब करून बघा. १ लिटर शुद्ध ग्लायकॉल पूर्ण कुजायला सुमारे १.७ किलो ऑक्सिजन लागतो. ० अंशाच्या पाण्यात लिटरमागे फार तर १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे त्या एका लिटरला जवळजवळ १ लाख २० हजार लिटर पाण्यातला ऑक्सिजन लागतो! कडाक्याच्या थंडीत जिवाणू मंदावतात, म्हणून नाला वरवर ठीक दिसतो. खरा त्रास ऊब आली की नाल्याच्या प्रवाहात खाली होतो.

बचत मुळातच करावी. सुटा बर्फ आधी झाडून किंवा हवेच्या झोताने काढा. मग मिश्रण. टाइप १ चा गोठणबिंदू हवेपेक्षा निदान १० अंश खाली हवा. बाहेर उणे ५ असेल तर उणे १५ चं मिश्रण चालतं, म्हणजे साधारण एक तृतीयांश ग्लायकॉल. सरसकट निम्मं-निम्मं मारलं की उरलेलं फुकट गटारात जातं. मात्र काटकसर उत्पादकाच्या तक्त्यात राहूनच करायची. पंख स्वच्छ झालाच पाहिजे.

फवारणीआधी पॅडचा, म्हणजे विमान उभं करून फवारतात त्या जागेचा, पावसाळी गटाराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद आहे ना, ते स्वतः जाऊन बघा. गोळा झालेलं पाणी दाट आणि पातळ अशा वेगळ्या टाक्यांत घ्या. दाट पाण्यातून म्युनिकला पुन्हा टाइप १ बनतो. पातळ पाणी प्रक्रियेला जातं. अमेरिकेतल्या बफेलो विमानतळाला त्यासाठी खाली हवा सोडलेले खडीचे वाफे आहेत. ग्लायकॉलमध्ये नायट्रोजन-फॉस्फरस नसतो, तो जिवाणूंसाठी बाहेरून द्यावा लागतो. ईटीपीत युरिया-डीएपी टाकतात तसाच.

रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून दाटपणा मोजतात. इथे नवखे फसतात. धावपट्टीवरचा बर्फ वितळवायला टाकलेलं पोटॅशियम फॉर्मेट मिसळलं असेल तर तेही आकडा चढवतं आणि पातळ पाणी दाटच्या टाकीत जातं. शंका आली तर विद्युतवाहकता मोजा. ग्लायकॉलने ती वाढत नाही, फॉर्मेटने एकदम चढते.

पुन्हा बर्फ धरू नये म्हणून मारलेला हिरवा, घट्ट टाइप ४ द्रव पंखावर टिकून राहतो आणि उड्डाणाच्या धावेत गळतो. तो सगळा पॅडवर सापडत नाही, म्हणून धावपट्टीकडेच्या नाल्याचे नमुनेही घ्या. आणि पॅडवरून ओढलेल्या बर्फाचा ढीग मोकळ्या मातीवर नको. त्याचं पाणी टाकीतच उतरलं पाहिजे.