सिक्वेन्सर बाहेरच्या क्लॉकवर चालवताना या चुका टाळा

लातूर-अंबाजोगाई भागातील हौशी मंडळी मला इलेक्ट्रॉनिक संगीताची यंत्रे एका लयीत जुळवून देण्यासाठी बोलावतात, तेव्हा बहुतेक वेळा केबल बदलून झालेली असते, सिक्वेन्सर (स्वरांचा क्रम पायरीपायरीने आपोआप वाजवणारे यंत्र) सदोष ठरवून झालेला असतो आणि सेटिंगचे पान मात्र कोणी उघडलेलेही नसते. ॲनालॉग क्लॉक म्हणजे यंत्रांना लय देण्यासाठी तारेतून येणारे विजेचे नुसते ठोके. एका मात्रेत किती ठोके धरायचे, हे त्या तारेतून कळत नाही, ते आपणच सांगावे लागते. कॉर्ग कंपनीचा वोल्का मात्रेला 2 ठोके धरतो, रोलँड कंपनीची जुनी डिन-सिंक (पाच पिनांच्या केबलने लय जुळवणारी) यंत्रे 24, तर कॉर्गची त्या काळातील यंत्रे 48. सुटे भाग तारांनी जोडून बनवलेल्या मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये बहुधा 4 ठोके असतात.

अंबाजोगाईच्या एका छोट्या कार्यक्रमात मित्राचे क्लॉक मात्रेला 4 ठोके देत होते आणि माझा सिक्वेन्सर 2 ठोक्यांवर ठेवलेला होता, त्यामुळे मिनिटाला 90 मात्रांची लय माझ्याकडे थेट दुगुनीत, म्हणजे 180 ला, वाजू लागली. मित्राने घाईघाईने क्लॉकच 45 वर आणले. माझे यंत्र ताळ्यावर आले, पण त्याच क्लॉकवर बरोबर चाललेले ड्रम मशीन निम्म्यावर घसरले, आणि तबल्यावर बसलेल्या काकांनी हात थांबवून आमच्याकडे जे पाहिले ते मी विसरलेलो नाही. लय निम्मी करून वेळ मारून नेण्याची ही युक्ती नवशिक्यांना फार आवडते. मला तिचा मनस्वी तिटकारा आहे. तेव्हापासून मी आधी क्लॉक 60 वर ठेवतो, सेकंदाला किती ठोके पडतात ते त्याच्या दिव्यावरून मोजतो आणि मगच तार जोडतो. मात्रेला 24 ठोके असले तर दिवा मोजता येत नाही. तिथे माहितीपुस्तिकाच उघडावी लागते, आणि तेवढाही धीर नसणाऱ्याने या फंदात पडू नये.

त्याच संध्याकाळी दुसरी चूकही झाली. ठोक्यांवरून लय कळते, सम कळत नाही. क्लॉक आधीपासून चालूच होते आणि मी मध्येच प्ले दाबले, त्यामुळे माझी पहिली पायरी ड्रमच्या पाचव्या पायरीवर पडली; लय तंतोतंत जुळलेली असूनही सम शेवटपर्यंत सापडली नाही. डिन-सिंकमध्ये सुरू-बंदसाठी वेगळी तार असते. साध्या ठोक्यांच्या केबलमध्ये ती नसते. म्हणून क्लॉक पूर्ण थांबवावे, सगळी यंत्रे पहिल्या पायरीवर आणून प्ले दाबून ठेवावीत आणि क्लॉक शेवटी सुरू करावे. रीसेटचे (यंत्राला पहिल्या पायरीवर परत नेणारे) भोक असेल तर ती केबलही लावावी, आळस करू नये.

डिन-सिंक आणि मिडी (यंत्रांनी एकमेकांना स्वरांचे व लयीचे संदेश पाठवण्याची पद्धत) यांचा पाच पिनांचा सॉकेट सारखाच दिसतो, पण आतले संकेत वेगळे आहेत, तेव्हा एकाची केबल दुसऱ्यात खुपसू नये. मोबाइलच्या हेडफोनमधून ठोके द्यायचे असतील तर आवाज पूर्ण वाढवावा, कारण 5 व्होल्टची अपेक्षा असलेल्या यंत्राला ते क्षीण पडतात आणि मधले काही ठोके गळतात. सिक्वेन्सर यूएसबीवरून आणि तारेवरून असे दोन्हीकडून क्लॉक घेत नाही ना, हे पाहावे. जोडणी केल्यावर स्पीकरमध्ये घुमघुम सुरू झाली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. ती बहुधा तिथूनच येते.