मुलांसाठी सौम्य सॅनिटायझर घेताना लेबलवर काय पाहायचं

सौम्य म्हणजे कमी अल्कोहोलचं, हा समज आधी डोक्यातून काढा. अल्कोहोल ६० टक्क्यांच्या खाली गेलं की जंतू मारण्याची ताकद घटते, आणि हात कोरडे पडायचे ते पडतातच. सौम्यपणा येतो ग्लिसरीनमुळे आणि सुगंधी द्रव्य नसल्यामुळे. म्हणून बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. पुढचं '९९.९ टक्के जंतूंचा नाश' आणि कार्टूनचं चित्र यांतून आत काय आहे ते कळत नाही.

इथेनॉल म्हणजेच इथाइल अल्कोहोल ६० ते ८० टक्के असावं. घरासाठी ७० टक्के उत्तम. आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालतं, पण त्याचा वास उग्र असतो आणि पोटात गेलं तर गुंगी जास्त आणतं, तेव्हा लहान मुलांच्या घरात इथेनॉलच बरं. नुसतंच 'अल्कोहोल' लिहिलंय, कोणतं ते नाही, किंवा निर्मिती परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख नाही, अशी बाटली दुकानातच ठेवा. मिथेनॉल हेही एक अल्कोहोलच, पण विषारी. २०२० मध्ये अमेरिकेत मिथेनॉल मिसळलेली कितीतरी सॅनिटायझर बाजारातून परत मागवावी लागली होती. त्याच वर्षी आपल्याकडे साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनीही सॅनिटायझर बनवलं. तेव्हाचा पाच लिटरचा कॅन अजून माळ्यावर असेल तर त्याची मुदत संपलेली असणार, तो मुलांसाठी काढू नका, आणि पाण्याच्या बाटलीत तर मुळीच ओतू नका.

ग्लिसरीन घटकांच्या यादीत हवंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ते १.४५ टक्के आहे. फार जास्त असलं की हात चिकटतात, मग मूल ते फ्रॉकला पुसतं नाहीतर चाटतं. स्ट्रॉबेरी, आंबा, बबलगमचा वास असलेलं घेऊ नका: सुगंधाने त्वचेला खाज सुटू शकते, आणि गोड वास आला की चाखून बघावंसं वाटणारच. अल्कोहोल नसलेली, बेंझाल्कोनियम क्लोराइडची सॅनिटायझर झोंबत नाहीत हे खरं, पण काही जंतूंवर ती कमी पडतात. चिरलेल्या हातांसाठी त्यापेक्षा साबण-पाणी बरं.

स्प्रे नको, जेल घ्या. स्प्रेचे तुषार डोळ्यांत जातात. बाटली ५० मिलीची, झाकण घट्ट. नवी बाटली आणल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर पाहा. लाली किंवा पुरळ आलं तर ती मोठ्यांनी वापरावी.

लावताना मुलाच्या तळहातावर रुपयाएवढं जेल द्या आणि बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं धरून वीसेक सेकंद चोळायला लावा. दहा सेकंदांतच हात सुकले तर जेल कमी पडलं. पूर्ण सुकल्याशिवाय खाऊ हातात देऊ नका, दिवा किंवा फुलबाजीजवळही जाऊ देऊ नका. सहा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसानेच लावावं. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत हात आधीच फुटलेले असतात. तिथे सुकल्यानंतर साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावा. साबणाने धुतल्यावर लगेच वर सॅनिटायझर लावायचं काही कारण नाही, त्याने त्वचा आणखी कोरडी होते.

काही ठिकाणी सॅनिटायझर कामाचंच नाही. तासगावकडच्या द्राक्षबागेत फवारणी झाली असेल तर हातावरचं औषध अल्कोहोलने निघत नाही, चोळून फक्त पसरतं. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्याने, म्हणजे हळदीने, माखलेले हात, चिखल, तेलकट वडापाव, सगळ्याला साबण आणि वाहतं पाणीच हवं. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरसही सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही, त्यामुळे शौचाहून आल्यावर साबणच.

डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवा. नंतरही लाली किंवा दुखणं राहिलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. हातावरचं नुसतं चाटलं तर सहसा घाबरण्यासारखं नसतं. पण ७० टक्क्यांच्या ५० मिली बाटलीत ३५ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, आणि लहान मुलाची रक्तातली साखर त्याने झपाट्याने उतरू शकते. घोटभर पिल्याचा संशय आला, मूल पेंगायला किंवा झोकांड्या खायला लागलं, तर उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट जवळचं रुग्णालय गाठा आणि बाटली सोबत न्या, म्हणजे आत कोणतं अल्कोहोल होतं ते डॉक्टरांना लेबलवरूनच कळेल.