वेबसाइटच्या सर्व्हरसाठी ऑपरेटिंग सिस्टिम कशी निवडावी

शेअर्ड होस्टिंगमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथे, हा प्रश्न येत नाही, सिस्टिम आधीच ठरलेली असते. व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा तुमच्यासाठी वेगळा काढलेला भाग) किंवा स्वतःचा सर्व्हर घेताना मात्र सुरुवातीलाच यादी समोर येते: उबुंटू, डेबियन, अल्मालिनक्स, रॉकी (हे चारही लिनक्सचे प्रकार), विंडोज सर्व्हर. इथे घाई करू नका. रॅम आणि डिस्क नंतर वाढवता येतात. सिस्टिम बदलायची म्हणजे बहुतेकदा सर्व्हर पुसून सगळं पहिल्यापासून मांडायचं.

पायरी १ : साइटला काय लागतं ते लिहून काढा

भाषा कोणती, डेटाबेस कोणता, आवृत्ती कोणती, एवढं कागदावर आलं की निम्मी यादी आपोआप गळते. वर्डप्रेस किंवा पीएचपीवरचं दुसरं काही असेल तर सरळ लिनक्स घ्या. नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) आणि पायथनचंही तेच. साइट मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवर असेल तर विंडोज आणि आयआयएसला (विंडोजचा वेबसर्व्हर) पर्याय नाही. पण डॉट नेट म्हटलं की विंडोजच, असं आता राहिलेलं नाही. त्याची नवी पिढी डॉट नेट कोअर २०१६ पासून आणि मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. म्हणून ज्यांनी साइट बनवली त्यांना नेमकं विचारा: फ्रेमवर्क की कोअर? या एका उत्तरावर विंडोजच्या लायसन्सचा खर्च वाचू शकतो. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज आहे, हाताला सवय आहे, एवढ्यासाठी तो खर्च करू नये असं मला वाटतं.

पायरी २ : अपडेट कधीपर्यंत मिळतील ते पाहा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच लोक वगळतात. सुरक्षेचे अपडेट बंद झाले तरी साइट चालूच राहते, त्यामुळे धोका दिसत नाही. नव्या सापडलेल्या त्रुटी मात्र तशाच उघड्या राहतात.

उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी, आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात, २४.०४ला (एप्रिल २०२४ची) २०२९पर्यंत. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने मिळतात, त्या सर्व्हरवर घेऊच नका. डेबियनला तीन वर्षं आणि वर एलटीएसची दोन. अल्मालिनक्स आणि रॉकीला साधारण दहा.

अर्थात जाहीर झालेली तारीखही बदलू शकते. सेंटओएस ८ (हेही एक लिनक्स) २०२९पर्यंत चालणार होतं. डिसेंबर २०२० मध्ये निर्णय फिरला आणि ३१ डिसेंबर २०२१ला ते बंद झालं. असंख्य सर्व्हर एका वर्षात हलवावे लागले. अल्मा आणि रॉकी जन्मले ते त्यातूनच.

पायरी ३ : पॅनेल आणि आवृत्त्या जुळवा

पॅनेल म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर. त्यातलं सीपॅनेल वापरायचं असेल तर डेबियन आणि विंडोज दोन्ही बाद. प्लेस्क हे दुसरं पॅनेल विंडोजवरही चालतं. पीएचपीचंही बघा: डेबियन १२ सोबत ८.२ येतं, उबुंटू २४.०४ सोबत ८.३. साइटची थीम (रूप ठरवणारा साचा) जुनी असेल तर नवं पीएचपी तिला झेपेल का, हे आधी तपासा.

पायरी ४ : सांभाळणार कोण?

पहिल्यांदाच सर्व्हर हाताळत असाल तर उबुंटू एलटीएस घ्या. अडलात तर त्यावर लिहिलेली मदत चटकन सापडते. सीपॅनेलवर बऱ्याच साइट ठेवायच्या असतील तर अल्मालिनक्स. रॅम कमी आहे आणि एकदा बसवून शांत ठेवायचं आहे, तर डेबियन. यापैकी काहीही घेतलं तरी सर्व्हरवर डेस्कटॉप (खिडक्या आणि माऊसवाला पडदा) बसवू नका, साइटला त्याचा उपयोग नाही.

पायरी ५ : नक्कल चढवून बघा

मी एक साइट विंडोजवरून लिनक्सवर हलवली तेव्हा पानं उघडली, पण निम्मे फोटो गायब. फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल होतं आणि पानात स्मॉल लिहिलेलं. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्सला या दोन वेगळ्या फाइली. म्हणून सर्वात छोटा प्लॅन घेऊन साइटची नक्कल त्यावर चढवा आणि प्रत्येक पान उघडा. फॉर्म भरून मेल येतो का बघा. सगळे अपडेट लावून सर्व्हर रीस्टार्ट करा. वेबसर्व्हर आणि डेटाबेस हात न लावता उठले पाहिजेत.

मग डीएनएसचा (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता किती वेळ जपून ठेवायचा ती मुदत, एक दिवस आधी ३०० सेकंदांवर आणून साइट नव्या सर्व्हरकडे वळवा. जुना सर्व्हर आणखी आठवडाभर चालू ठेवा.